बरणीतला झेंडू

पन्नाशी उलटल्यावर माणसानं केस काळे करू नयेत, पोहायला शिकू नये आणि पीएच.डी. करू नये, असं माझी बायको म्हणते. पहिल्या दोन गोष्टी मी करून पाहिल्या. केस महिन्याभरात गाजरासारखे दिसू लागले, आणि तरणतलावातून मला बाहेर काढणाऱ्या गृहस्थांची कंबर धरली ती धरलीच. उरली होती पीएच.डी. म्हटलं, तीही करून टाकावी.

मी नाशिकच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. माझा आवाज मोठा आहे. शेजारच्या वर्गातली वनस्पतिशास्त्राची मुलंसुद्धा माझ्यामुळे थोडी उष्णतागतिकी शिकून जातात असं मी सांगतो. त्या वर्गाच्या बाई हेच वेगळ्या शब्दांत प्राचार्यांना सांगतात. तरुणपणापासून हौशी नाटकांत कामं केली. राजा, सेनापती, खलनायकाचा थोरला भाऊ अशा भूमिका मला मिळायच्या, कारण त्यांना मरताना ओरडावं लागतं. एकदा माझं मरण इतकं लांबलं, की मला मारणारा नट विंगेत जाऊन चहा पिऊन आला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यात विज्ञानाचा दोष काडीचाही नव्हता.

पीएच.डी.ला मार्गदर्शक लागतो. आमच्याकडे सौरघटांवर काम करणाऱ्या एकच मार्गदर्शक होत्या, आणि त्या माझ्याच विद्यार्थिनी. सायखेड्याच्या शेतकरी घरातली मुलगी, माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. आता माझ्या अहवालांवर लाल पेनानं 'पुन्हा लिहा' असं लिहिते. लिहितात, म्हणायला हवं. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला सर म्हणतात. आमचं बोलणं ऐकणाऱ्याला कोण कुणाचा गुरू हे कळत नाही. पाच मिनिटं थांबला तर कळतं, आणि तेवढा वेळ कुणी थांबू नये अशी माझी इच्छा असते.

आमच्या कामाचा विषय एका काळ्या पापुद्र्याचा. पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण करायचे, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो कण रांगेनं बसावेत. ते कण द्रावणात तरंगतात. त्या द्रावणाचे थेंब काचेवर टाकून काच भोवऱ्यासारखी गरागरा फिरवायची, की त्यावर एक काळा थर बसतो. कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा शंभरपट तरी पातळ. हा थर ऊन पितो आणि वीज देतो. जाड, जड सौरपाट्यांऐवजी असला पातळ थर वापरता आला तर किती बरं होईल, यावर मी एक तास बोलू शकतो. मॅडमनी मला त्यासाठी दोन वाक्यं दिली आहेत.

अडचण एकच. हा पदार्थ ओल लागली की पिवळा पडतो. त्यातून काही जात नाही, त्यात काही येत नाही. आतले अणू नुसते जागा बदलतात. मी वर्गात याला पंगतीचं उदाहरण देतो. लग्नात माणसं रांगेनं पानावर बसली की वाढपी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालत जातो, कुणी उपाशी राहत नाही. तो आमचा काळा थर. मग एक मामा उठतात आणि म्हणतात, "अरे, आपण आपले इकडे कोंडाळं करून बसू." माणसं तीच, पानं तीच, मांडव तोच, पण कोंडाळी झाल्यावर वाढपी मठ्ठ्याची बादली घेऊन मध्येच अडकतो. तो पिवळा थर. त्यातून ऊन आरपार निघून जातं आणि विजेचं नाव नाही. ओल म्हणजे ते मामा. कणाकणाच्या भोवती लांब रेणूंचं एक आवरण चढवून या मामांना मांडवाबाहेर थोपवायचं, एवढाच माझा प्रबंध.

जूनमध्ये आम्ही आवरण चढवलेल्या बऱ्याच काचा एका मोठ्या काचेच्या बरणीत ठेवल्या. बरणीचं झाकण जड, कडेला ग्रीस लावलेलं. तळाशी एका मिठाचा ओला लगदा. त्यामुळे आतला ओलावा एकाच बेताच्या पातळीवर राहतो. काचा त्याच्या वर जाळीवर. बहुतेकांनी जुलैतच मान टाकली, पिवळ्या होऊन बाहेर आल्या. एक काच मात्र टिकली. बाहेर नाशिकचा पाऊस धो धो पडत होता, भिंतींना बुरशी येत होती, माझ्या चपला ओल्या होत्या, आणि बरणीत ती एकटी काळीभोर. रोज सकाळी मी तिला पाहायला जायचो. मी तिच्याशी बोलतो अशी आवई कॉलेजात उठली होती. मी बोलत नव्हतो. मी तिला काही उतारे म्हणून दाखवत होतो.

आता मुद्द्याचं. विद्यापीठानं मला शेवटची मुदतवाढ दिली होती. दिवाळीच्या आत प्रबंध जमा झाला नाही तर माझी नोंदणी रद्द, सगळं पहिल्यापासून, म्हणजे माझ्या वयात कधीच नाही. दसऱ्यानंतर चार दिवसांनी समिती येणार, ती काच डोळ्यांनी पाहणार आणि मग प्रबंध जमा करायला परवानगी देणार होती. माझी सगळी वर्षं त्या तळहाताएवढ्या काचेवर उभी होती. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मी एक वाक्य लिहिलं होतं: ही काच पावसाळाभर काळीच राहते. मॅडमनी त्याआधीची अडतीस विशेषणं काढून टाकली होती, पण हे वाक्य ठेवलं होतं.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मॅडम सायखेड्याला निघाल्या. त्यांच्या घरी घट बसतात, सगळं भावकीचं येणंजाणं असतं. जाताना प्रयोगशाळेच्या दारात थांबल्या.

"सर, उद्या पूजा कराल ना?"

"यथासांग."

"यंत्रांवर पाणी शिंपडू नका. मागच्या वर्षी वजनकाटा आठ दिवस बंद होता."

"फुलं आणि हळदकुंकू. पाण्याचा थेंब नाही."

"आणि बरणी उघडू नका."

"मॅडम, मी बरणीकडे पाहणारसुद्धा नाही."

त्यांनी आत येऊन बरणीचं झाकण एकदा दाबून पाहिलं. मग गेल्या.

खंडेनवमीला सुतार करवत-रंधा मांडतो, शिंपी मशीन पुसतो, रिक्षावाला रिक्षाला हार घालतो. आम्ही यंत्रं पूजतो. मी सकाळी पंचवटीतून झेंडू आणला. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना झेंडूचे डोंगर असतात, आणि विकणारे त्यांवर सारखं पाणी मारत असतात. फूल ताजं दिसतं आणि तोलात जडही भरतं. माझ्या पिशवीच्या तळातून पाणी गळत होतं, पँटला गुडघ्यापर्यंत ओलावा पोचला होता. आवरण चढवलेल्या सूक्ष्मकणांवर पाच वर्षं काम करणाऱ्या माणसाला यावरून काही सुचायला हरकत नव्हती.

पूजा मी मन लावून केली. भट्टीला हार, तापपट्टीला, म्हणजे हॉटप्लेटला, फूल, फिरकीच्या यंत्राला दोन फुलं, तळमजल्यावरच्या क्ष-किरण यंत्राला तोरण आणि दारावर स्वस्तिक. विभागातली सगळी मंडळी जमली होती. मी मंत्र म्हणत होतो, काही आठवत होते, काही त्या जागी तयार करत होतो. प्रसाद वाटायला घेतला आणि रसायनशास्त्राचे एक सर, ज्यांना काही उद्योग नसतो, ते म्हणाले, "तुमच्या त्या बरणीला नाही का फूल?"

मी झाकणावर हळदकुंकू वाहिलं. एक फूल ठेवलं. मागं सरून पाहिलं. काहीतरी खटकत होतं.

"झाकणाची पूजा झाली," रसायनवाले म्हणाले. "शस्त्र तर आतच राहिलं."

त्यांनी हे सहज म्हटलं असेल. पण समोर दहा-बारा माणसं उभी, हातात ताम्हन, अंगावर ठेवणीतला कुर्ता. मी असल्या प्रसंगी शुद्धीवर राहत नाही. "खरं आहे," मी म्हणालो. "तलवार म्यानात ठेवून कुणी तिची पूजा करतं का?" आणि झाकण सरकवलं. काळी काच चमकत होती. पिशवीतलं सगळ्यात टपोरं फूल निवडलं आणि अलगद, अगदी देवाच्या पायावर ठेवावं तसं, तिच्या मधोमध ठेवलं. झाकण लावलं. टाळ्या झाल्या. मी मान लववून त्या स्वीकारल्या.

आणि आपल्याकडे पूजेला बसवलेलं शस्त्र दसरा होईपर्यंत हलवायचं नसतं, वापरायचं नसतं. तेवढं शास्त्र मी कडकडीत पाळलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, मला आपट्याचं पान दिलं आणि बरणीशी गेल्या. मी पाठमोरा उभा राहून कपाट आवरत होतो.

"सर."

"बोला."

"ही पिवळी झाली."

मी वळलो. आता मी चांगला नट असतो तर त्या क्षणी नुसता गप्प राहिलो असतो. मी म्हणालो, "अरेरे. मिठाचा लगदा वाळला असणार." त्या वाकून लगदा पाहू लागल्या. मी म्हणालो, वाळला म्हणजे ओलावा कमी होईल, तेव्हा ते नसेल. झाकणाचं ग्रीस पातळ झालं असेल. मग म्हणालो, दसऱ्याला दुपारी वीज गेली होती म्हणे. बरणीला वीज लागत नाही हे माझं वाक्य संपल्यावर ध्यानात आलं. मग आवरणाच्या रेणूंबद्दल एक नवा सिद्धांत मांडला. तो बरा होता, अजूनही मला वाटतं की त्यात काहीतरी आहे.

मॅडमनी हातमोजे चढवले, झाकण सरकवलं, चिमटा घातला आणि एक मलूल, चिकट, तपकिरी झालेला झेंडू वर उचलला. तो त्यांनी माझ्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे, सर?"

"झेंडू."

"कोणी ठेवला?"

"परंपरेनं."

"सर, लय झालं आता," त्या म्हणाल्या. मॅडम चिडल्या की सायखेड्याचं बोलणं वर येतं, आणि ते वर आलं की मी खाली बसतो. मी स्टुलावर बसलो.

"तुम्हाला म्हटलं होतं, बरणी उघडू नका."

"म्हटलं होतं."

"मग?"

"तलवार म्यानात..." मी सुरुवात केली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते वाक्य म्यानात ठेवलं.

पदार्थात शिसं असल्यानं ते फूल निर्माल्यात टाकता येईना. गोदावरीत तर नाहीच नाही. माझ्या भक्तीची रवानगी घातक कचऱ्याच्या डब्यात झाली. डब्यावर कवटीचं चित्र आहे.

मग त्या शांतपणे म्हणाल्या, "पिवळं दोन तऱ्हेचं असतं. तुम्हीच बघा काय झालंय ते."

त्यांचा रोख मला कळला. एक पिवळं म्हणजे पंगतीची कोंडाळी. माणसं मांडवातच आहेत, फक्त जागा बदलल्यात, त्यांना पुन्हा रांगेत बसवता येतं. पण ओल नुसती हवेतली नसून पाणीच अंगावर आलं तर पदार्थ फुटतो, एक घटक निघून जातो, मागं शिशाचं आयोडाइड उरतं. तेही पिवळंच. मांडवातून अर्धी पाहुणेमंडळी घरी गेली. आता रांगा लावून काही उपयोग नाही. डोळ्यांना दोन्ही पिवळी सारखीच दिसतात. फरक सांगतात ते क्ष-किरण. ते अणूंच्या रांगांवरून परावर्तित होतात आणि कागदावर शिखरं उमटतात. शिखराच्या जागेवरून कळतं आत कोण कसं बसलंय. काळ्या थराचं शिखर चौदा अंशांपाशी. बाराच्या जरा अलीकडे आलं तर कोंडाळी. साडेबाराच्या पलीकडे आलं तर पाहुणे गेले.

तळमजल्यावरच्या यंत्राला मीच घातलेलं तोरण काढल्याशिवाय त्याचं दार उघडेना. ते काढताना मॅडम बाजूला हाताची घडी घालून उभ्या होत्या. काच आत ठेवली. पडद्यावर रेघ हळूहळू सरकू लागली. पाचपासून निघाली. दहापाशी आली. मी श्वास धरला होता; नाटकात धरतो तसा नव्हे, खरा, म्हणजे आवाज न करता.

बाराच्या अलीकडे रेघ उठली. उंच, बारीक, देखणी.

"आलं," मी म्हणालो.

"थांबा," मॅडम म्हणाल्या.

साडेबाराच्या पुढं आणखी एक छोटा उंचवटा आला. चौदापाशी, जिथं माझा काळा थर असायला हवा होता, तिथं जमीन सपाट.

काच थोडी थोडी सरकवून पुन्हा पाहिल्यावर खुलासा झाला. फुलाभोवतीच्या भागात ओलसर हवेनं पंगत मोडली होती, एवढंच. पण बरोबर मधोमध, जिथं माझा टपोरा, पाणी मारलेला झेंडू टेकला होता, तिथं रुपयाएवढा भाग फुटलाच होता. म्हणजे मी एकाच फुलानं दोन्ही तऱ्हेची पिवळी करून दाखवली होती.

वर प्रयोगशाळेत आलो आणि मला एक कल्पना सुचली. मला कल्पना सुचते तेव्हा माझ्या भुवया वर जातात, असं म्हणतात. मॅडमनी भुवया पाहिल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"मॅडम, बाहेरचा भाग दीडशे अंशांवर तापवला की पुन्हा काळा होतो."

"होतो."

"मधला भाग हिऱ्याच्या पेननं कापून टाकता येतो."

"येतो."

"उरलेला तुकडा काळा. चौदापाशी शिखर. आणि ती तीच काच आहे, जूनपासूनची. खोटं काहीच नाही त्यात."

"मग वाक्य काय लिहाल? पावसाळाभर काळीच राहिली?"

"माणूस आजारी पडून बरा झाला तर..."

"तर तो, मी कधी आजारीच नव्हतो, असं नाही सांगत फिरत." त्या उठल्या. "सर, प्रबंधावर नाव तुमचं. सही माझी. तुम्ही ठरवा. तुकडा आणलात तर मी सही करणार नाही, ती दुसऱ्या कुणाकडून घ्यावी लागेल; पण समितीसमोर तोंडही उघडणार नाही. तुम्ही मला शिकवलंय."

असं बोलून त्या निघून गेल्या. मी पुष्कळ नाटकांत काम केलं आहे, पण कुणाची एक्झिट इतकी जिव्हारी लागली नव्हती.

घरी बायको भाजी निवडत होती. ती शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे माझ्या बोलण्यातली पोकळ वाक्यं तिला ऐकू येतात.

"पिवळी झाली म्हणे," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"रसायनवाल्यांच्या बायकोनं. भाजीवाल्यापाशी. तिथं अजून चौघी होत्या."

मी बसलो आणि सगळं सांगितलं. कापायची कल्पनाही. सांगताना ती पहिल्यापेक्षा आणखी सुरेख वाटली, मी हातानं हिऱ्याचं पेन कसं चालेल तेही दाखवलं.

"आणि नाही कापली तर?" तिनं विचारलं.

"तर परवानगी नाही. नोंदणी रद्द. संपलं."

ती मेथीची पानं खुडत राहिली. "तुमचं हे वेड मला कधी आवडलं नाही," ती म्हणाली. "पण पावसाळाभर तुम्ही सकाळी उठून त्या काचेकडे धावायचात. नाटकाच्या तालमीलासुद्धा इतक्या वेळेवर कधी गेला नाहीत. ते काय कापलेला तुकडा दाखवायला?"

मी समोरची एक जुडी ओढून खुडायला घेतली. जे आठवतं ते सांगायचं तर, मला त्या वेळी सत्याची वगैरे ओढ लागली नव्हती. मला भीती वाटत होती. कापलेल्या तुकड्याबद्दल समितीनं एक प्रश्न विचारला तर मी नक्की दुसरा सिद्धांत मांडेन, मग तिसरा, आणि दर सिद्धांतागणिक माझा आवाज चढत जाईल, हे मला पक्कं ठाऊक होतं. खोटं बोलायला जो मितभाषीपणा लागतो तो माझ्यात नाही. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती. ती रेघ बाराच्या अलीकडे उठली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. माझं सगळं बुडत असताना. ते शिखर पुसून टाकायला हात धजेना.

समिती आली. तिघे जण होते. दोघांना परतीची घाई होती. अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर प्राध्यापक, किरकोळ अंगाचे, ज्यांची ख्याती अशी की ते व्याख्यानभर डोळे मिटून बसतात आणि शेवटी एकच प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नानंतर माणूस शेती करू लागतो.

मी काच जशी होती तशी टेबलावर ठेवली. पिवळी.

"ही काळी हवी ना?" एक सदस्य म्हणाले.

"हवी होती," मी म्हणालो. "जूनपासून खंडेनवमीपर्यंत काळी होती. खंडेनवमीला मी हिच्यावर झेंडूचं फूल ठेवलं."

घाई असलेल्या दोघांची घाई गेली. अध्यक्षांनी डोळे उघडले.

"का?"

"शस्त्रपूजा, सर."

माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात छोटं भाषण असेल. मॅडम भिंतीशी उभ्या होत्या, खिडकीबाहेर बघत होत्या. मी क्ष-किरणांचे आलेख पुढं ठेवले, दोन्ही पिवळ्यांचा फरक सांगितला, पंगतीचं उदाहरण तोंडावर आलं ते गिळलं. मग अध्यक्ष म्हणाले, "तापवा."

तापपट्टी सुरू केली. काच वर ठेवली. आम्ही पाचही जण वाकून पाहत होतो. आधी काहीच झालं नाही. मग एका कोपऱ्यात तपकिरी छटा आली, ती काळी झाली, आणि तो काळेपणा कडेकडेनं सरकत आत येऊ लागला, जशी पंगतीला हाक गेली की माणसं एकेक करून येऊन पानावर बसतात. उदाहरण गिळलेलं असलं तरी पोटात होतंच. काळेपणा मधल्या डागापाशी आला आणि थांबला. तिथं पुढं सरकेना. काळ्या काचेच्या मध्यावर एक पिवळं वर्तुळ राहिलं, कडेनं पाकळ्यांचे ठसे.

"हे मधलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते गेलं, सर. तिथं फुलाचं पाणी लागलं. ते परत येत नाही."

"आणि किती ओलावा झाला म्हणजे कडेचं बदलायला लागलं? कधी लागलं?"

हा तो प्रश्न. मॅडमनीही काचेवरून नजर काढली. माझ्या गळ्यापर्यंत एक सिद्धांत आला होता, तयार, गुटगुटीत.

"माहीत नाही, सर," मी म्हणालो. "मला फक्त आधी काय होतं आणि नंतर काय झालं तेवढं ठाऊक आहे. मधलं पाहायला मी नव्हतो. सोनं लुटत होतो."

त्यांनी मान हलवली आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं.

कॉरिडॉरमध्ये मॅडम आणि मी भिंतीला टेकून उभे राहिलो. परीक्षेच्या निकालाला मुलं उभी राहतात तसे. जाणारे विद्यार्थी नमस्कार करत होते, कुणाला ते कळत नव्हतं. थोड्या वेळानं मॅडमना एकट्यांना आत बोलावलं. दार बंद झालं. मी दाराला कान लावायला गेलो, पण समोरून प्राचार्य आले, तेव्हा मी दाराच्या बिजागऱ्या तपासत असल्यासारखं केलं.

मॅडम बाहेर आल्या.

"दिवाळीला प्रबंध नाही," त्या म्हणाल्या.

मी भिंतीचा आधार घेतला. या वेळी खरोखर.

"नोंदणी रद्द होत नाही. समिती विद्यापीठाला लिहून देतेय, एक वर्ष मिळेल. पावसाळाभर काळी राहते, हे वाक्य काढायचं. शीर्षक बदलायचं. काळी कशी टिकते हे सोडा, म्हणाले. पिवळी केव्हा आणि कशी होते ते दाखवा. थोडा थोडा ओलावा वाढवायचा, दर पायरीला क्ष-किरणांखाली पाहायचं. दोन्ही रचना, मधल्या सगळ्या अवस्था."

"म्हणजे पाच वर्षं मी जे थांबवत होतो तेच आता वर्षभर मुद्दाम करायचं."

"हो."

"मला जमेल ते," मी म्हणालो. "हात बसलाय."

त्या पहिल्यांदा हसल्या.

"आत काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"काही नाही."

"मॅडम."

"त्यांनी विचारलं, या माणसाला वर्ष द्यावं असं तुम्हाला का वाटतं. मी म्हटलं, सरांना दम धरवत नाही, पण त्यांना लपवता येत नाही."

मी ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. त्यांनी नकार दिला आणि नव्या काचांची तयारी करायला निघून गेल्या.

घरी जाताना मी स्कूटरवर ते वाक्य घोळवत होतो. कॉलेज रोडच्या सिग्नलपर्यंत त्यातला दम गळाला होता. गंगापूर रोडला वळेपर्यंत त्यात 'निष्ठा' आली होती. दारात चपला काढता काढता मी बायकोला सांगितलं, "एक वर्ष मिळालं. मॅडम समितीला म्हणाल्या, सरांची निष्ठा अशी आहे, की त्यांना असत्य स्पर्शही करू शकत नाही."

तिनं पोळी तव्यावर उलटली.

"यातलं त्या काय म्हणाल्या?"

मी हात धुतले, टॉवेलला पुसले, पुन्हा धुतले. मग त्या जे म्हणाल्या होत्या ते सांगितलं, दमासकट.

"हे बरंय," ती म्हणाली आणि पहिली पोळी माझ्या ताटात वाढली. "बसा आता. वर्ष आहे अजून."